बावीस ग्रॅम

लाधूराम वकिलाने वीस वर्षांत नाना तऱ्हेचे अशील पाहिले होते. चोरी करून नाही म्हणणारे पाहिले, न करता हो म्हणणारे पाहिले, आणि कोर्टात येऊन स्वतःचं नाव विसरणारेही पाहिले. पण पोलिसांनी माल कमी दाखवला म्हणून पोलिसांवरच डाफरणारा अशील त्याच्या नशिबी पहिल्यांदाच आला होता. आणि तो नेमका सख्खा चुलता निघावा, याला काय म्हणायचं?

"तीन किलो होता," मोडाराम म्हणाला.

"काकोसा, हळू बोला."

"हळू कशाला? तीन किलोवाला माणूस हळू बोलत नसतो. हळू बावीस ग्रॅमवाल्याने बोलावं."

दोघे कोर्टाच्या आवारात खेजडीच्या झाडाखाली, लाधूरामच्या टेबलाशी बसले होते. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट टाइप करायचा थांबला होता. लाधूरामने त्याच्याकडे एक जळजळीत नजर टाकली, तेव्हा त्याने पुन्हा टाइप करायला घेतलं, पण कान इकडेच.

गोष्ट साधी होती. दोन महिन्यांपूर्वी मोडारामच्या नातीची सगाई झाली. सगाई म्हटली की खारडी गावात रियाण आलीच: सगळी पगडीवाली मंडळी गोल बसणार, यजमान अमल घोटणार, गळणीतून गाळणार, आणि आपल्या तळहातावर घेऊन एकेका पाहुण्याला पाजणार. अफूला तिथे अफू कुणी म्हणत नाही. अफू पोलिसांच्या कागदावर असते, घरात असतो तो अमल. बापजाद्यांपासून हे चालत आलंय, आणि ठाणेदारही आजवर त्या दिवशी दुसऱ्या गावाच्या गस्तीला जात आलेत. या खेपेचा ठाणेदार नवा होता, भरतपूरकडचा. त्याला कुणी सांगितलंच नाही की आज गस्त दुसऱ्या गावाला. तो सरळ जीप घेऊन मांडवात आला.

जीपची धूळ दिसली आणि मंडळींनी जे करायचं ते केलं. जे गळणीत होतं ते प्यायले, जे तळहातावर होतं ते चाटलं, गळणीसुद्धा एकाने चोखली म्हणे. ठाणेदाराच्या हाती लागली फक्त यजमानापुढची पितळी डबी. तिच्यातला काळा गोळा त्याने काट्यावर ठेवला. बावीस ग्रॅम. मोडारामला ठाण्यात नेलं, तिथेच जामीन झाला, आणि संध्याकाळच्या जेवणाला म्हातारा घरी परत. लाधूराम त्या दिवशी हायकोर्टाच्या कामाला जोधपूरला होता, म्हणून हा सगळा सोहळा त्याचा हुकला.

"नीट ऐका," लाधूराम म्हणाला. "अफू पंचवीस ग्रॅमपर्यंत असली तर तिला थोडी म्हणतात. वर्षभराची कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचं वय बघता मॅजिस्ट्रेट बाई दंडावर सोडतील. पंचवीसच्या वर गेलात की दहा वर्षांपर्यंत. आणि अडीच किलोच्या वर गेलात तर कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस. तुम्ही आज बाहत्तरचे. वीस मिळवा."

"माझा आजा एकशे चारचा होऊन गेला."

लाधूरामने कपाळाला हात लावला.

मोडारामने सदऱ्याच्या आतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. घड्या घालून घालून त्याची चिंधी झाली होती. "वाच. 'सगाईच्या समारंभात बावीस ग्रॅम अफू जप्त.' किती माणसं होती रियाणीला? अडीचशे. आता लाव भाग. माणशी किती येतो?"

लाधूरामने नको नको म्हणताना मनात भाग लावलाच. ग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा येईना.

"एवढ्यात मुंगीला जांभई येत नाही," मोडाराम म्हणाला. "आणि धोलासरचा तो अणदाराम दूध डेअरीवर बसून काय सांगतो ठाऊक आहे? म्हणतो, मोडारामने अमल पाजला नाही, नुसता दाखवला. म्हणतो, डबी पंगतीतून फिरवली, ज्याने त्याने वास घेतला आणि पुढे दिली. सगळी डेअरी हसली. उद्या माझी नात सासरी जाईल. तिथे कुणी म्हणेल, हिचा आजा वास देणारा. पोरीने काय तोंड वर करून बघायचं?"

आता अणदाराम कोण, तर मोडारामचं चाळीस वर्षांचं दुखणं. दोघांच्या बापांचं एका विहिरीच्या बांधावरून वाजलं होतं. विहीर कधीच आटली, बांध वाळूत गेला, पण वैर मात्र बागायती. एकाने घराला दोन खोल्या चढवल्या की दुसऱ्याने तीन चढवायच्या. एकाच्या रियाणीला दीडशे माणूस आलं की दुसऱ्याच्या रियाणीला दोनशे आलंच पाहिजे. आणि इतकं असूनही दोघे एकमेकांना बोलावणं धाडायला चुकत नसत. न बोलावणं म्हणजे घाबरणं, आणि न जाणं म्हणजे त्याहून घाबरणं.

"मग तुमचं म्हणणं काय?" लाधूरामने विचारलं.

"कोर्टात खरा आकडा लिहून घ्यायचा. तीन किलो. मग जे व्हायचं ते होऊ दे."

त्या दिवशी लाधूराम घरी पोचला तर ओट्यावर वरजू काकी बसलेली. मोडारामची बायको. उंबऱ्याबाहेर न पडणारी बाई आठ मैल बसने आली म्हणजे पाणी डोक्यावरून गेलंय हे त्याने ओळखलं.

"त्याचं काही ऐकू नकोस," काकी म्हणाली. "बावीस म्हणजे बावीस. पोलिसांनी बरोबर मोजलंय."

"मी तेच सांगतोय, काकीसा. पण ते ऐकतील तर ना."

"ऐकव. तो जेलात गेला तर म्हैस मी तुझ्या दारात आणून बांधेन. ती त्याच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. गेल्या साली मला लाथ मारली, आता तुला मारील."

लाधूरामला काकीचं मोठं कौतुक वाटलं. घरात एक तरी माणूस शहाणं आहे म्हणायचं.

पुढचे चार दिवस त्याने चुलत्याला फक्त एक शब्द शिकवला. कबूल. बाई विचारतील, गुन्हा कबूल आहे का? तुम्ही म्हणायचं, कबूल. बस्स. दंड भरू आणि दुपारच्या आत घरी.

"गुन्हा कबूल आहे?" लाधूराम विचारी.

"कबूल."

"शाब्बास. पुढे?"

"पुढे काही नाही."

"वा."

"फक्त आकडा चुकलाय एवढं सांगायचं."

शेवटी लाधूरामने म्हैस, काकी, नात, मेलेला भाऊ, सगळ्यांच्या शपथा घातल्या. तेव्हा कुठे म्हातारा "बरं" म्हणाला. पण ते "बरं" लाधूरामला काही बरं वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी तारीख होती. साडेदहाला कोर्टाच्या फाटकातून दोन पिकअप गाड्या आत शिरल्या आणि लाधूराम टेबल सोडून तिकडे धावला. खारडीची सगळी पगडी मंडळी उतरत होती. तीसेक म्हातारे, धुतलेली धोतरं, मिशांना तेल.

"ही वरात कशाला?" त्याने मोडारामला बाजूला घेतलं.

"साक्षीदार," मोडाराम शांतपणे म्हणाला. "ठाणेदाराने नुसती डबी पाहिली. यांनी अमल पाहिलाय."

"काकोसा, तुम्ही शपथ घेतलीत."

"मी बोलणार नाही अशी घेतली. हे बोलणार नाहीत अशी नाही घेतली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून एवढ्यात फाटकातून तिसरी गाडी आली, एकट्याची जीप. तिच्यातून अणदाराम उतरला. पांढरीशुभ्र पगडी, हातात काठी. कुणाशी राम-राम नाही, काही नाही. तो सरळ कोर्टाच्या खोलीत गेला आणि पहिल्या बाकावर काठी दोन पायांमध्ये धरून बसला. तमाशाला लवकर येऊन जागा धरतात तसा.

"बघ," मोडाराम दात खात म्हणाला. "आता बावीस ग्रॅमवर कबूल म्हणू? याच्या तोंडावर?"

लाधूरामने फक्त चुलत्याचा हात घट्ट धरला आणि पुकारा झाल्यावर त्याला आत नेलं.

मॅजिस्ट्रेट बाई तरुण होत्या, कोट्याकडच्या, बदली होऊन तीन महिने झालेले. पुढे फायलींचा ढीग. त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, तुमच्याकडे बावीस ग्रॅम अफू सापडली. गुन्हा कबूल आहे का?"

मोडारामने लाधूरामकडे पाहिलं. मग पहिल्या बाकाकडे पाहिलं. अणदारामच्या मिशीचं एक टोक वर गेलेलं होतं, ते मुळातच तसं होतं की हसू होतं, देव जाणे.

"गुन्हा कबूल आहे," मोडाराम म्हणाला. "बावीस ग्रॅम कबूल नाही."

"म्हणजे?"

"तीन किलो होता."

लाधूराम इतक्या घाईने उठला की त्याच्या हातातली फाईल खाली पडली. "बाईसाहेब, अशील वयस्क आहेत, प्रकृती ठीक नाही, बोलण्याचं भान..."

"माझी प्रकृती तुझ्यापेक्षा ठीक आहे," मोडाराम म्हणाला.

सरकारी वकील जोरावरमल इतका वेळ पेनाच्या टोकाने कान कोरत होते. तीन किलो ऐकताच पेन खिशात गेलं. "बाईसाहेब, आरोपी स्वतः सांगतोय. तीन किलो म्हणजे प्रकरण या कोर्टाचं राहातच नाही. विशेष न्यायालयाकडे पाठवावं लागेल. कमीत कमी दहा वर्षं."

"ऐकलंत, बाबा?" बाई म्हणाल्या. "दहा वर्षं. आता पुन्हा सांगा, किती होता?"

"तीन किलो."

"मग बाकीचा कुठे गेला?"

"पाहुण्यांच्या पोटात. दुसरीकडे कुठे जाणार? हे काय, बसलेत सगळे. विचारा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. राग आला होता, पण कुतूहलही दिसत होतं. त्यांनी बाकांकडे पाहिलं आणि सगळ्यांत जवळच्या म्हाताऱ्याला उठवलं. "तुम्ही गेला होतात त्या दिवशी?"

"गेलो होतो, हुकम."

"अमल घेतलात? विचार करून सांगा. घेणं हाही गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद."

म्हाताऱ्याचा हात छातीवरून हळूच खाली आला. "मी चहा प्यायलो, हुकम. एक कप. बिनसाखरेचा."

दुसरा उठला. तो म्हणे त्या दिवशी बहिणीकडे गेला होता, मांडवात दिसला असेल तर त्याचा जुळा भाऊ. तिसऱ्याने जबडा उघडून दाखवला, दोन दाढा काढल्यात, डॉक्टरने कडू वर्ज्य सांगितलंय. चौथ्याने विचारण्याची वाट पाहिली नाही, बसल्या जागेवरूनच म्हणाला, "मी तर अमलाला हातच लावत नाही, अन्नदेवाची शपथ." आणि हे म्हणताना त्याला सकाळी घेतलेल्या अमलाच्या नेहमीच्या गोळीची एक मस्त जांभई आली.

खोलीत खसखस पिकली. बाईंनीही तोंड फाईलीआड केलं.

लाधूराम वकील म्हणून खूश व्हायला हवा होता. एकेक म्हातारा नाही म्हणत होता तशी चुलत्याचं एकेक वर्ष सुटत होतं. पण त्याचं लक्ष मोडारामकडे गेलं. म्हातारा ताठ उभा होता, फक्त मान एका बाजूला कलली होती. ज्यांच्या ओठांना आपल्या हाताने अमल लावला, ती माणसं एकामागून एक सांगत होती की आम्ही याच्या घरी काही खाल्लं-प्यायलंच नाही. असली नामुष्की कुठल्या कलमात बसत नाही. जेल त्यापुढे काय चीज आहे?

"बाबा," बाई जरा मऊपणे म्हणाल्या, "तुमच्या रियाणीत तर कुणी काही घेतलेलंच दिसत नाही."

तेवढ्यात पहिल्या बाकावर काठी वाजली. अणदाराम उठत होता.

संपलं, लाधूरामला वाटलं. हा आता डेअरीवरची थट्टा भर कोर्टात करणार, म्हातारा त्याच्या अंगावर धावून जाणार, आणि आणखी एक कलम वाढणार.

"मी घेतला," अणदाराम म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"धोलासरचा अणदाराम. याचा वैरी. चाळीस वर्षं झाली, कुणालाही विचारा. मी याच्या रियाणीला गेलो आणि याच्या तळहातावरून तीनदा अमल घेतला."

मोडारामची मान सरळ झाली.

"मी आत्ताच काय सांगितलं ते ऐकलंत ना?" बाईंनी विचारलं. "सहा महिने."

"ऐकलं, हुकम. पण प्यायलो ते प्यायलो. कोर्टात येऊन ओकता येत नाही." त्याने घसा साफ केला. "घट्ट होता. कडूजहर. तिसऱ्या घोटाला माझे कान तापले. गेल्या साली माझ्या घरी रियाण झाली होती, मोठी झाली होती, अजून लोक नाव काढतात. याची तिच्यापेक्षा वरचढ होती."

खारडीच्या तीस म्हाताऱ्यांनी हे ऐकलं. धोलासरच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालेलं ऐकायला त्यांचे बापही तरसत मेले होते.

जोरावरमल टुणकन उठले. "बाईसाहेब, प्रत्यक्ष साक्षीदार. आता आकडाही विचारून घ्या. बोला बाबा, माल किती होता? तीन किलो होता?"

इथे हो आलं तर काकीची म्हैस दारात बांधलीच म्हणायची.

अणदारामने जोरावरमलकडे असं पाहिलं, जणू त्यांनी भर पंगतीत यजमानाला तुपाचा भाव विचारलाय. "पाहुण्याने अमल मोजायचा नसतो, वकीलजी. तुम्हाला घरी कुणी शिकवलं नाही का?"

बाईंनी हसू दाबलं नाही. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि निकाल सांगितला. कोर्टाच्या काट्यावर पोट ठेवता येत नाही. काट्यावर जे आलं ते बावीस ग्रॅम, आणि शिक्षा त्याचीच. पाच हजार दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद, म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचं, हलायचं नाही.

"आणि तुम्ही," त्या अणदारामला म्हणाल्या, "तुमचं काय करायचं ते मी पाचपर्यंत ठरवते. तोवर तुम्हीही त्यांच्या शेजारी बसा."

खारडीची मंडळी पिकअपमध्ये बसून निघून गेली. जाताना कुणाचीच मोडारामच्या नजरेला नजर द्यायची छाती झाली नाही. पण गाडीत म्हणे बोलणं एकच चाललं होतं, अणदाराम स्वतः म्हणाला, वरचढ होती. उद्या डेअरीवर दूध पोचायच्या आधी ते पोचणार होतं.

मागच्या बाकावर दोघे म्हातारे मध्ये वीतभर जागा ठेवून बसले. पुढे वीजचोरी, बकरीचा वाद, पोटगी असं एकेक येऊन गेलं. दुपारी काकीने बांधून दिलेला बाजरीचा सोगरा, जाड भाकरीच ती, मोडारामने काढला, मोडला, आणि अर्धा न बघता बाजूला सरकवला. अणदारामनेही न बघता उचलला. लाधूराम दंडाची पावती घेऊन आला आणि त्यांच्या मागे भिंतीशी टेकून उभा राहिला. आपण आयुष्यातली सगळ्यांत मोठी केस हरता हरता जिंकलो की जिंकता जिंकता हरलो, हे त्याला अजून नीटसं उमगत नव्हतं.

पाचाला थोडा अवकाश असताना मोडाराम समोर बघतच बोलला.

"अणदाराम."

"हं."

"गूळ होता रे. काळा गूळ, आणि कडू लागावा म्हणून चिरायता."

लाधूरामच्या हातातली पावती हातातच राहिली.

"सहा महिने हिंडलो," मोडाराम म्हणाला. "मेवाडपर्यंत जाऊन आलो. अमल कुठे मिळेना, सगळे पोलिसांना भ्यालेले. तीसेक ग्रॅम हाती आला. वास यावा म्हणून थोडा पहिल्या गळणीत टाकला, आणि उरलेला समोर डबीत ठेवला, लोकांना दिसायला. पोलिसांनी बरोबर मोजलं."

"माहीत आहे."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच घोटाला."

पुढे शिपाई फायली गोळा करायला लागला होता.

"मग आणखी दोनदा कशाला तोंड पुढे केलंस?"

अणदारामने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"तू माझ्याकडे बघत होतास ना," तो म्हणाला.

पाच वाजले. बाई उठल्या, आणि जाता जाता अणदारामला म्हणाल्या, तुमचं नाव लिहिलेलं नाही, घरी जा. शिक्षा संपली. लाधूरामने दोघांनाही दोनदा हाक मारली, पण उठायची घाई काही कुणाला दिसेना.